दहा मिनिटांची सोबत

उतारावर तीन-चारशे फूट वर मित्राची स्नोमोबाइल रुतून बसली आहे. पुढच्या दोन्ही स्की आभाळाकडे, मागचा पट्टा बर्फात गाडलेला. तो खाली उतरून कमरेएवढ्या बर्फात उभा आहे आणि हँडल धरून यंत्र वळवायची खटपट करतो आहे. खाली सपाटीवर तुम्ही आहात. तुमचं यंत्र चालू आहे, अंगठा थ्रॉटलवर आहे. अर्ध्या मिनिटात वर पोचाल, दोघे मिळून एक हिसका द्याल, यंत्र सुटेल. कुठल्याही भल्या माणसाला सुचेल ते हेच. आणि पश्चिम कॅनडाच्या डोंगरांत हा खेळ शिकवणारे लोक पहिल्याच दिवशी बजावून सांगतात, की अशा वेळी वर जायचं नाही.

एका यंत्राचं वजन पेललेला उतार दुसऱ्याचं पेलेलच असं नाही. तो सुटला तर दोघेही त्याच्याबरोबर जातील आणि खणून काढायला मागे कुणी उरणार नाही. म्हणून खालीच, पण उताराच्या वाटेतून पुरतं बाजूला, यंत्राचं तोंड बाहेर पडायच्या दिशेला करून थांबायचं. नजर वरच्या माणसावरून हलवायची नाही. त्याला लागेल तेवढा वेळ लागू द्यायचा. ऐकायला हे निर्दयी वाटतं. पण या खेळातले अपघात एकामागून एक वाचत गेलं की त्या नियमामागे किती माणसं गेली आहेत ते कळत जातं.

स्नोमोबाइल म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतं ते गुलमर्ग: चालकाच्या मागे बसून मैदानात मारलेली एक फेरी, दोन फोटो. डोंगरातली स्नोमोबाइल ही वेगळीच वस्तू आहे. साडेआठशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दीडशेहून जास्त अश्वशक्ती, दोनशे किलोंच्या वर वजन आणि तीन-तीन इंच उंच दात्यांचा लांबलचक रबरी पट्टा. हे यंत्र छातीएवढ्या ताज्या बर्फातून सरळ चढणीला लागतं. पायांना स्की बांधून माणूस दिवसभर घाम गाळून जेवढे उतार पालथे घालील तेवढे ते तासाभरात घालतं. अल्बर्टातून शुक्रवारी संध्याकाळी मागे ट्रेलर जोडलेल्या पिकअप गाड्या निघतात आणि रॉकी पर्वत ओलांडून ब्रिटिश कोलंबियात उतरतात. रेव्हलस्टोक, मॅकब्राइड, फर्नी या गावांतल्या मोटेलांचा हिवाळा या लोकांवर चालतो.

या यंत्राच्या जन्माची कथा मला फार महत्त्वाची वाटते. १९३४ च्या हिवाळ्यात क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावी जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए या तरुण मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ पोटदुखीने तळमळत होता. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. इस्पितळ पन्नासेक किलोमीटरवर, रस्ते बर्फाने बंद. बर्फावर चालणारं वाहन बनवायचं बॉम्बार्डिएचं काम तेव्हा अर्धवट होतं, यंत्र गॅरेजात सुटं पडलेलं होतं. मुलगा गेला. १९३७ मध्ये बॉम्बार्डिएने पट्ट्यावर चालणाऱ्या वाहनाचं पेटंट घेतलं, सात माणसं बसतील अशी बर्फगाडी बाजारात आणली, आणि १९५९ मध्ये एका-दोघांसाठीची हलकी 'स्की-डू' आली. वेळेवर माणसापर्यंत पोचता यावं यासाठी जी धडपड सुरू झाली, तिच्यातून हे वाहन निघालं. आज तेच वाहन माणसाला अशा जागी नेऊन सोडतं की तिथे वेळेवर पोचू शकेल असा एकच जण असतो, शेजारी यंत्र चालवणारा.

वेळेवर म्हणजे किती वेळात, हे आता बरंच नेमकं ठाऊक आहे. हिमस्खलनात पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलं तर दहांतले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचणारे तिघांत एक. पूर्वी ही सुरुवातीची सवलत पंधरा-अठरा मिनिटांची धरत. २०११ मध्ये पास्काल हेगेली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅनडातली आणि स्वित्झर्लंडमधली आकडेवारी शेजारी ठेवली, तेव्हा कॅनडात ती जेमतेम दहाच मिनिटांची निघाली. तिथे झाडांवर, खडकांवर आपटून मरणारे जास्त, आणि किनाऱ्याकडच्या डोंगरांतलं बर्फ जड असल्याने गाडलेल्याचा श्वास लवकर कोंडतो. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ताज्या नोंदींवरूनही दहा मिनिटांचाच आकडा पुढे आला. गाडले गेलेले बहुतेक लोक गुदमरून मरतात. तोंडापुढचं बर्फ स्वतःच्याच श्वासाने वितळतं, पुन्हा गोठतं, आणि आतबाहेर हवा जायची वाट बुजते. थंडीने मरायला त्यामानाने बराच अवधी लागतो. तोवर बहुतेकांचं सगळं संपलेलं असतं.

आता हेलिकॉप्टरचा हिशेब करा. संदेश जाणार, पथक गोळा होणार, हवामान पाहिलं जाणार, उड्डाण होणार. ब्रिटिश कोलंबियातली शोधपथकं स्वयंसेवकांची आहेत, एक पैसा न घेता येतात, जीव तोडून येतात. आपल्याकडे लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची मुलं रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात, त्याच जातीची ही माणसं. पण तासाभराच्या आत ती पोचली तरी नशीब म्हणायचं. त्यांच्या हाती बहुतेक वेळा मृतदेहच लागतात, आणि ते दुःख वाहत ती वर्षानुवर्षं काम करत राहतात.

बर्फ सुटतं कसं, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिवाळाभर थरावर थर पडत जातात. कधी निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री पृष्ठभागावर दवाच्या जागी पिसांसारखे नाजूक स्फटिक उगवतात, तर कधी आतल्या आत दाणे मोठे होऊन एकमेकांना धरेनासे होतात. त्यावर नवा हिमपात होतो आणि वाऱ्याने घट्ट बसतो. वरचा जाड, एकसंध थर खालच्या भुसभुशीत थरावर नुसता टेकलेला राहतो, कधी आठवडेच्या आठवडे. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असा थर असेल आणि एखाद्या पातळ जागी वजन पडलं, की तडा खालच्या थरातून क्षणात पसरतो आणि अख्खा उतार फरशी सटकावी तसा सुटतो. जीव घेणाऱ्या दहा स्खलनांपैकी नऊ स्वतः बळी गेलेल्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यांपैकी कुणीतरी सुरू केलेली असतात. डोंगर आपणहून कोसळला आणि नेमका आपण खाली होतो, असं क्वचितच घडतं.

स्की करणाऱ्याला डोंगर थोडी तरी सूचना देतो. पायाखालचं बर्फ धप्पकन बसल्याचा आवाज येतो, बुटाच्या टोकापासून तडा पळताना दिसतो. स्नोमोबाइलवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट, मांड्यांमध्ये धडधडतं इंजिन. त्याला यातलं काही ऐकू येत नाही. यंत्र थांबवून, बंद करून, उतरून, फावड्याने खड्डा घेऊन थर पाहणारा तिथे शहाणा समजला पाहिजे. बरेचदा तो रेंगाळणारा समजला जातो.

सगळ्यात जुगारी प्रकार म्हणजे 'हायमार्किंग'. मोकळ्या उतारावर यंत्र सुसाट वर घालायचं, जिथे दम संपेल तिथे वळवून खाली आणायचं. बर्फावर उमटलेली कमान ही त्याची खूण, पुढच्याने तिच्याही वर जायचं. प्रत्येक फेरीला वजन अधिक उंच, अधिक उभ्या, बहुधा थर पातळ असलेल्या जागी पडतं. २१ मार्च १९९९ रोजी अलास्कातल्या टर्नअगेन पास इथे असाच खेळ चालू असताना उतार सुटला आणि सहा जण गेले.

२८ डिसेंबर २००८. फर्नीजवळच्या हार्वी पासच्या परिसरात स्पारवुडचे अकरा जण गेले होते. स्पारवुड हे कोळशाच्या खाणीचं गाव, वस्ती चार हजारांच्या आसपास. पहिलं स्खलन आलं आणि त्यात काही जण गाडले गेले. बाकीचे धावले, शोधू लागले, खणू लागले. खणत असतानाच त्यांच्यावर दुसरं स्खलन आलं. ज्यांनी मदतीला जायला क्षणही लावला नाही, तेही गाडले गेले. शेवटी तिघे वाचले. आठ जण गेले, आठही एकाच गावचे. वाचलेल्या तिघांना डोंगर पुन्हा सुटेल या धास्तीत, मित्रांना बर्फाखाली ठेवून, तिथून निघावं लागलं. त्यांनी बरोबरच केलं. पण तो निर्णय घेणाऱ्याच्या मनावर पुढे आयुष्यभर काय ओझं राहत असेल याची कल्पनाही मला पेलवत नाही. त्या एका हिवाळ्यात ब्रिटिश कोलंबियात हिमस्खलनांत चोवीस जण मेले. त्यांतले बहुसंख्य स्नोमोबाइलवाले होते. प्रांताच्या मृत्युसमीक्षकांनी त्यावर खास समिती बसवली.

विशेष हे, की त्याच प्रांतात असंच एकदा आधीही घडलं होतं. ४ मार्च १९१० च्या रात्री रॉजर्स पासमध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या रुळांवर एका बाजूच्या डोंगरावरून स्खलन आलं. ते उपसायला मजुरांची टोळी गेली. मध्यरात्रीच्या सुमारास समोरच्या डोंगरावरून दुसरं स्खलन उतरलं आणि अठ्ठावन्न जण गाडले गेले. त्यांतले बत्तीस जपानहून पोट भरायला आलेले कामगार होते. जिथे एक उतार सुटला तिथे शेजारचा, समोरचा, वरचा उतारही त्याच हवेत, त्याच थरांवर उभा असतो. म्हणून आज शिकवतात ते असं: धावण्याआधी थांबा. वर बघा. अजून काय लटकलंय? उरलेले किती, मोजा. एकाला पहाऱ्यावर ठेवा. दहा मिनिटांतलं अर्धं मिनिट यात गेलं तरी चालेल.

गर्दीचं प्रकरण वेगळं आहे. १३ मार्च २०१०, शनिवार. रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर 'टर्बो हिल' नावाच्या उताराच्या पायथ्याशी सुमारे दोनशे माणसं जमली होती. अनौपचारिक जमाव, ताकदवान यंत्रं, चढाईची चढाओढ. त्या शनिवार-रविवारसाठी हिमस्खलनाचा खास इशारा आधीच दिलेला होता. वर यंत्रं चढत होती, खाली लोक बघत उभे होते. उतार सुटला तो थेट त्यांच्यावर आला. दोघे गेले, सुमारे तीस जखमी झाले. आकडा तेवढ्यावर थांबला, कारण खणायला शेकडो हात तिथेच होते, आणि ते हात लगेच कामाला लागले. पण एवढे सगळे खाली उभे का होते? एवढे लोक उभे आहेत म्हटल्यावर जागा सुरक्षितच असणार, असं प्रत्येकाला वाटलं असणार.

इयन मॅकॅमन या संशोधकाने अमेरिकेतले सातशे पंधरा हिमस्खलन-अपघात तपासून नेमका हाच मुद्दा मांडला. माणसं अज्ञानाने मरतात त्यापेक्षा सवयीने, भिडेने आणि ईर्ष्येने जास्त मरतात. जागा ओळखीची आहे. इतकं लांब आलो, आता परत कसं जायचं. गटातला अनुभवी माणूस चाललाय म्हणजे ठीकच असेल. दुसरा गट आपल्या आधी पोचला तर ताजं बर्फ तो उधळेल. शिक्षण घेतलेले लोकही यात सापडतात. माझ्या मते मित्रांमधली भीड हा या डोंगरांतला सगळ्यात दुबळा थर आहे. 'मला हा उतार बरा वाटत नाही' हे वाक्य बोलायला तोंड उघडत नाही, कारण पाच जण हेल्मेटच्या काचेआडून आपल्याकडे बघत असतात. म्हणून चांगल्या गटांत सकाळीच ठरवून टाकतात: कुणीही एकाने नको म्हटलं की नको. कारण विचारायचं नाही, नंतर चिडवायचं नाही. हा करार पाळणारी चार माणसं मिळणं हे नवं यंत्र मिळण्यापेक्षा अवघड आहे.

आता थोडं जवळून पाहू. पार्किंगमधून वाट जिथे डोंगरात शिरते तिथे अनेक ठिकाणी एक खांब उभा असतो. त्याच्या जवळून गेलं की तुमच्या छातीवरचा बीकन चालू आहे की नाही ते तो दिवा लावून सांगतो. ही यंत्राची तपासणी. माणसांची तपासणी वेगळी: एक जण पुढे जाऊन उभा राहतो, बाकीचे अंतर ठेवून एकेक करून त्याच्यासमोरून जातात, आणि प्रत्येकाचा संदेश येतोय का ते तो बघतो. मग उलट, याचा संदेश बाकीच्यांना मिळतो का. सगळं मिळून पाचेक मिनिटांचं काम. बीकन म्हणजे तळहाताएवढा रेडिओ. जगभर सगळे ४५७ किलोहर्ट्झवर बोलतात, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा बीकन कुठल्याही कंपनीच्या बीकनला शोधतो. तो अंगावर बांधायचा, यंत्रावरच्या पिशवीत नाही. यंत्र आणि माणूस स्खलनात वेगवेगळ्या ठिकाणी जातात. फावडं आणि घडीची लांब काठी, म्हणजे प्रोब, हीसुद्धा पाठीवरच हवीत. फोन आणि तापणारे हातमोजे, गॉगल यांनी बीकनचा संदेश बिघडतो, म्हणून त्यांच्यात आणि बीकनमध्ये अंतर ठेवायचं आणि शोधताना ते बंदच करायचे.

कुणी गाडलं गेलं की उरलेल्या सगळ्यांनी बीकन 'शोध'वर न्यायचा. एकाने जरी घाबरून तो संदेश पाठवत ठेवला तर बाकीचे त्याच्याच भोवती फिरत राहतात. गाडलेला माणूस शेवटी जिथे दिसला तिथून खाली जायचं. आकडे कमी होत जातात: चाळीस, बावीस, नऊ. तीन मीटरच्या आत आलं की गुडघे टेकून, बीकन बर्फाला चिकटवून, हळूहळू. सगळ्यात लहान आकड्यापाशी काठी उताराला काटकोनात खुपसायची, मग पंचवीस सेंटीमीटर सरकून पुन्हा, गोल गोल. माणसाला लागलेली काठी हाताला कळते, ती जमिनीसारखी टणक नसते आणि बर्फासारखी आत जात नाही. लागलेली काठी तशीच ठेवायची. आणि खणायला तिच्या जवळून सुरुवात करायची नाही. खोलीच्या दीडपट अंतर उतारावर खाली यायचं आणि तिथून आडवं आत शिरायचं. थांबलेलं बर्फ असं आवळून बसतं की गाडलेल्याला बोट हलवता येत नाही. मीटरभर खोल माणसासाठी टनाच्या वर बर्फ उपसावं लागतं. पुढचा दमला की मागच्याने जागा घ्यायची, मिनिटा-दोन मिनिटांनी. तोंड आधी मोकळं करायचं. श्वास नसेल तर तिथेच, बाकीचं अंग बर्फात असतानाच, तोंडाने श्वास द्यायला लागायचं. हे सगळं दहा मिनिटांत बसवायचं असतं. सराव नसलेल्या माणसाला नुसता बीकन शोधून काढायलाच तेवढा वेळ लागतो.

एअरबॅगने फरक पडतो. दोरी ओढली की पाठीवर फुगा फुलतो. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे वर येतात, तसा वाहत्या बर्फात आकाराने मोठा झालेला माणूस वर राहतो. हेगेलीच्याच २०१४ च्या अभ्यासात, फुगलेल्या एअरबॅगमुळे मृत्यूचं प्रमाण बावीस टक्क्यांवरून अकरावर आलं. म्हणजे निम्मं वाचलं, निम्मं राहिलंच. शिवाय दर पाच घटनांपैकी एकीत फुगा फुगलाच नव्हता, आणि त्याचं मुख्य कारण होतं ते दोरीच ओढली न जाणं. दोन्ही हात हँडलवर आणि मन यंत्र वाचवण्यात गुंतलेलं असताना हे होणारच. म्हणून काही जण प्रत्येक चढाईआधी एकदा दोरीच्या मुठीला हात लावून येतात.

हिमस्खलन सोडून बाकीचे धोकेही आहेत: झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळीत डोकं खाली अडकणं, बर्फाच्या पातळ छताखालचा ओढा, धुक्यात न दिसणारा कडा, बिघडलेल्या यंत्राशेजारी ओल्या कपड्यांत काढावी लागलेली रात्र. या प्रत्येक वेळी माणूस वाचतो तो कुणाच्या तरी नजरेच्या टप्प्यात असला तर. मागचा माणूस दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचं, आणि थोड्या वेळात तो आला नाही तर मागे फिरायचं, एवढं साधं आहे हे. ताज्या बर्फाचा मोह पडला की हेच आधी विसरलं जातं.

अनोळखी माणसंही सोबती होतात. २९ जानेवारी २०१६ रोजी मॅकब्राइडजवळच्या माउंट रेन्शॉवर मोठं स्खलन झालं तेव्हा तिथे वेगवेगळ्या गटांतले लोक होते. ज्यांनी एकमेकांची नावंही कधी ऐकली नव्हती त्यांनी एकमेकांसाठी खणलं. पाच जण तरीही गेले.

आपल्याकडे हा खेळ अजून या टोकाला गेलेला नाही. पण गुलमर्गच्या वर अफरवटचे उतार आहेत, आणि १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे स्की करणारे दोन पोलिश पाहुणे स्खलनात गेले. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था काश्मीर-हिमाचलसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या किती सहली ते इशारे उघडून बघतात? फेरी मारून आणणाऱ्या चालकाला 'अजून थोडं वर ने, पैसे जास्त देतो' असं म्हणणारे आपलेच लोक असतात. त्याच्या नकाराला मान द्यावा. तो उतार त्याने रोज पाहिलेला असतो.

कॅल्गरी, एडमंटन, व्हँकुव्हर इथे आता मराठी घरं बरीच आहेत. ऑफिसातले सहकारी शनिवारी डोंगरात चल म्हणतात, एक जास्तीचं यंत्र आहे म्हणतात, आणि आपला मुलगा आनंदाने हो म्हणतो. त्याला तिथे वाढलेल्यांइतका बर्फाचा अंदाज नसतो, आणि पाहुणा म्हणून नाही म्हणायची भीड दुप्पट असते. 'अव्हलांच कॅनडा' ही रेव्हलस्टोकची संस्था रोजचा धोका पाच पायऱ्यांत फुकट सांगते. तिसरी पायरी मधली म्हणून बरी वाटते, पण कितीतरी मृत्यू त्याच पायरीच्या दिवशी होतात. पहिल्या पातळीचा कोर्स दोन दिवसांचा असतो, एक वर्गात, एक बर्फात, आणि स्नोमोबाइलवाल्यांसाठी वेगळाही होतो. जायच्या आधी तो करावा. जाताना घरी कुणाला तरी डोंगराचं नाव आणि परतायची वेळ सांगून जावं. आणि पार्किंगमध्ये उतरल्यावर, यंत्रं ट्रेलरवरून खाली येत असतानाच, एक बीकन चालू करून पिशवीत घालून पुरावा आणि सोबत्यांना म्हणावं, शोधून दाखवा. जो गट हे हसण्यावारी नेईल त्याच्याबरोबर वर जाऊ नये. गावात कॉफी प्यावी, संध्याकाळी सगळे खाली येईपर्यंत वाट पाहावी, आणि घरी परतावं.